अनुशेष भरून काढण्याचा सोपा मार्ग

तुमची चाळिशी आली आहे, घराच्या कर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते अजून बाकी आहेत, जिना उतरताना डावा गुडघा काहीतरी पुटपुटतो, आणि अशा निवांत वेळी तुमच्या मनात आलं आहे की आता ‘वन पीस’ ही चाच्यांची जपानी कार्टून मालिका बघायला घ्यावी. अभिनंदन. हेच खरं वय. कॉलेजात असताना, दुपारी चार-चार तास कट्ट्यावर माश्या मारत बसायचात तेव्हा बघितलं असतंत तर त्यात कसला आलाय पुरुषार्थ?

आधी आकडे समजून घ्या, म्हणजे घाबरायला सोपं जाईल. मालिका जपानात फुजी टीव्हीवर २० ऑक्टोबर १९९९ला सुरू झाली. २०२५ संपेपर्यंत तिचे ११५५ भाग झाले. एक भाग २४ मिनिटांचा. म्हणजे ४६२ तास. आंघोळ, जेवण, झोप आणि नोकरी या किरकोळ गोष्टी वगळून सलग बसलात तर १९ दिवस आणि वर सहा तास. दिवाळीची रजा, उरलेली अर्जित रजा आणि ओळखीतला एक डॉक्टर एवढ्यात हे बसतं. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणारे एइचिरो ओडा यांनी १९९७ साली सुरुवात केली तेव्हा त्यांचा स्वतःचा अंदाज होता की पाच वर्षांत गोष्ट संपेल. तेव्हा तुमचा अंदाज चुकला तर मनाला लावून घेऊ नका, मोठमोठ्यांचे चुकलेत.

आपल्याकडे अनुशेष हा शब्द सिंचनाला आणि विदर्भ-मराठवाड्याला लावतात. दांडेकर समितीनं १९८४ साली तो मोजला तेव्हा ३,१८६ कोटी रुपये निघाला. दहा वर्षांनंतरची स्थिती धरून दुसऱ्या समितीनं मोजला तर १४ हजार कोटींच्या वर गेला होता. यातून काही घ्यायचंच तर एवढं घ्या, की अनुशेष मोजायला जाऊ नये. पण तुम्ही ऐकणार नाही. तुम्ही एक्सेल उघडणारच.

उघडा. मीही २०२४च्या पावसाळ्यात उघडलं होतं. भाग क्रमांक, बघितल्याची तारीख, ठरलेली मिनिटं, लागलेली मिनिटं, तूट. शेवटच्या रकान्यात ‘पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख’, जी पाहुणे आले की पुढे सरके आणि पाहुणे राहिले की आणखी पुढे सरके. रोज दोन भाग. झाले तर हिरवा रंग, नाहीतर लाल. ऑफिसात काम रखडलं की साहेबांना जी कारणं लिहून देतो, तीच मी रात्री साडेअकराला शेऱ्याच्या रकान्यात स्वतःला लिहून देत असे. चारशेच्या पुढेमागे कधीतरी मालिकेचा नायक लुफी सांगतो की त्याला कुणावर राज्य वगैरे करायचं नाही; चाच्यांचा राजा म्हणजे या समुद्रावरचा सगळ्यात मोकळा माणूस, म्हणून त्याला ते व्हायचंय. फार सुरेख प्रसंग आहे. मी तो दिवस हिरवा केला आणि पुढचा भाग लावला.

घरी काय सांगायचं हा प्रश्न येईल. ‘कार्टून बघतोय’ असं सांगितलंत तर दळण आणायला पाठवतील. ‘जपानी भाषा कानावर पडावी म्हणून’ हे पहिले दोन महिने चालतं. चाच्यांची गोष्ट आहे म्हटल्यावर बायको भुवई उंचावेल, तेव्हा इंग्रज कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणत, हे सांगून विषय इतिहासाकडे न्यावा. इतिहास निघाला की आपल्या घरात कुणी पुढे काही विचारत नाही.

आता मुख्य अडचण. मालिका हळू चालते. हळू म्हणजे किती, तर मांगाचं प्रकरण आठवड्याला एक, सतरा-अठरा पानांचं. मालिकेचा भागही २०२५पर्यंत आठवड्याला एक. मालिका मांगाच्या पुढे जाता कामा नये, आणि बंदही पडता कामा नये. मग एका प्रकरणाला ताणून ताणून एक भाग करायचा. त्यासाठी तोएई या स्टुडिओनं जे उपाय शोधले ते बघून आपल्या संध्याकाळच्या मालिकावाल्यांनी कान धरावेत. कुणी एक वाक्य बोललं की आजूबाजूच्या चौदा जणांचे आ वासलेले चेहरे एकेक करून. कुणी तलवार उपसली की ती पूर्ण बाहेर येईपर्यंत जुनी आठवण. मागच्या भागाची उजळणी वेगळी. मधल्या काळात तर त्यांनी शेवटचं गाणंच काढून टाकलं आणि सुरुवातीचं अडीच मिनिटांचं केलं.

ड्रेसरोझा घ्या. भाग ६२९ ते ७४६. मोजून ११८. पहिला जानेवारी २०१४मध्ये आला, शेवटचा जून २०१६मध्ये. यातल्या बहुतेक भागांत मिळून ड्रेसरोझा बेटावर जो वेळ जातो तो साधारण एक दिवस. सकाळी मंडळी उतरतात, तिथल्या हुकूमशहाला खाली पाडेपर्यंत दिवस मावळायला येतो. त्याच अडीच वर्षांत माझं लग्न ठरलं, झालं, आणि फ्लॅटचा ताबा मिळायचा राहिला. लुफीचं काय? सुरू झाली तेव्हा सतरा वर्षांचा होता, मध्ये गोष्टीत दोन वर्षांची उडी आहे म्हणून एकोणीस झाला, आणि तिथेच थांबलाय. त्याला आवाज देणाऱ्या मायुमी तानाका यांचा जन्म १९५५चा. सत्तरीच्या बाई एकोणीस वर्षांच्या पोराचं हसू इतकं खणखणीत हसतात, आणि तुम्हाला दोन भागांमध्ये पाठीला उशी लागते. असो.

या हळूपणावर शहाण्या माणसाचा उपाय म्हणजे दीडपट वेग. चोवीसची सोळा मिनिटं होतात, चारशे बासष्ट तासांचे तीनशे आठ. गाणं आणि उजळणी ओलांडली तर कल्याणहून सीएसएमटीला पोचेपर्यंत चार भाग सहज उरकतात. उरकणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, आपण दिवसही उरकतो आणि लग्नंही उरकतो, मग हे का नको. दुष्परिणाम किरकोळ आहेत. पंधराएक दिवसांनी सगळी माणसं फार हळू बोलतायत असं वाटू लागतं. माझी मुलगी शाळेत डबा कुणी सांडला याची हकिकत सांगत होती आणि माझं बोट हवेतच उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारून आलं. तिनं ते बघितलं. काय आहे ते तिला कळलं नाही, एवढं बरं झालं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र यापासून लांब ठेवा. माझ्याकडून इथे चूक झाली. रविवारी दुपारी मी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर सदतिसावा भाग लावला होता आणि आई शेजारी परातीत मेथी घेऊन बसली.

“ही कोण रे?”

“नामी.”

“काय झालंय तिला?”

मी सबटायटल वाचत, दीडपट वेगात, मराठीत सांगत गेलो. अर्लाँग नावाच्या मासे-माणसानं हिचं गाव ताब्यात ठेवलंय. हिच्या आईला त्यानं मारलं. दहा कोटी बेली दिलेस की गाव मोकळं करीन, असा त्यानं शब्द दिला. पोरगी आठ वर्षं चोऱ्या करून पैसे साठवतेय. रक्कम होत आली आणि त्यानंच एक भ्रष्ट अधिकारी पाठवून सगळे पैसे जप्त करवले.

“सावकार,” आई म्हणाली.

“सावकार नाही गं, मासा आहे. त्याचं नाक बघ, करवतीसारखं.”

“बरं मग? सावकाराला नाक नसतं?”

पडद्यावर नामी स्वतःच्या दंडावरचं त्या टोळीचं गोंदण सुरीनं खरवडत होती. मग ती लुफीकडे वळून मदत कर म्हणते, आणि तो कुणाला हात लावू न देणारी आपली गवती टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवतो. आईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“किती भराभरा रडतेय ती,” आई म्हणाली. “बिचारीला नीट रडू तरी दे की.”

मी वेग साधा केला. मागे नेऊन पुन्हा लावलं. त्या दिवशीच्या रकान्यात आठ मिनिटांची तूट आहे, लाल रंगात, शेऱ्यात ‘आई’. चव्वेचाळिसाव्या भागात नामीचं गाव सुटून ती जहाजावर चढेपर्यंत आई रोज बसली. नंतर म्हणाली, “पोरीचं भलं झालं, आता तुमचं चालू दे,” आणि सात वाजताच्या मालिकेकडे परत गेली. तिथे एक सून तीन दिवस दार उघडत होती.

भरतीच्या भागांबद्दल, म्हणजे मांगात नसलेल्या, वेळ काढण्यासाठी घुसवलेल्या भागांबद्दल, जाणकार तुम्हाला तयार याद्या देतील. हे वगळा, ते वगळा. पाळा. फक्त १९६ ते २०६, नौदलाच्या तळात अडकल्याचं प्रकरण, तेही भरतीचंच आहे आणि बऱ्याच खऱ्या प्रकरणांपेक्षा झकास आहे. म्हणजे वगळायच्या यादीवर बसून ती वाचल्याशिवाय काय वगळायचं ते कळत नाही. त्यातही वेळ जातो, तो शीटमध्ये धरा.

‘मांगाच वाच ना भाऊ’ असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. हा तोच, जो लोकल तुडुंब असताना ‘बोटीनं जात जा’ म्हणतो. तेही अकराशेच्या वर प्रकरणं आहेत, पण वाचताना चेहरे भराभर ओलांडता येतात, हे त्याचं म्हणणं खरं आहे. खरं असल्यामुळेच ते ऐकू नये. नेटफ्लिक्सनं २०२३ साली खऱ्या माणसांना घेऊन केलेली मालिका आठ भागांत नामीच्या गावापर्यंत पोचली, हेही ध्यानात आणू नये.

लोकलमध्ये बघण्याचे नियम वेगळे आहेत. ३१२वा भाग लोकलमध्ये बघू नका. त्यात गोइंग मेरी जाते. मेरी म्हणजे यांचं पहिलं जहाज, मेंढ्याच्या तोंडाचं. तुटून तुटून आता दुरुस्त होण्यापलीकडे गेलेलं, तरी शेवटी एकटंच यांना वाचवायला येतं. लुफी स्वतःच्या हातानं त्याला अग्नी देतो, आणि जळता जळता जहाज माफी मागतं, की मला तुम्हाला आणखी थोडं पुढे न्यायचं होतं. घाटकोपरच्या आसपास माझ्या चष्म्याखालून धार लागली. समोरच्या सीटवरच्या गृहस्थांनी पाण्याची बाटली पुढे केली.

“घरी सगळं ठीक ना?”

“हो हो. जहाज गेलं,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

ते गंभीर झाले. “बुडालं?”

“जळालं.”

“अरेरे. माल होता?”

“नाही. माणसं सगळी सुखरूप.”

“मग इन्शुरन्स मिळेल,” ते म्हणाले, आणि दादरपर्यंत त्यांच्या मेहुण्याच्या गोदामाला लागलेल्या आगीचा दावा कसा मंजूर झाला ते सांगत राहिले. मी ऐकत राहिलो. पाच मिनिटांची तूट.

पुढचं कळू नये म्हणून सोशल मीडियापासून दूर राहा, असा सल्ला देण्याची पद्धत आहे. मी देणार नाही, कारण उपयोग नाही. पुढचं काय होणार ते टी-शर्टवर छापलेलं असतं. एक हजार एकाहत्तराव्या भागात लुफीचा जो नवा अवतार येतो तो मला दोनशेव्या भागालाच स्टेशनबाहेरच्या मोबाइल कव्हरवाल्याकडे भेटला, दीडशे रुपयांत, टफन ग्लास फुकट. आणि जे टी-शर्टवर नसतं ते शेजारी उभा असलेला अकरावीतला मुलगा सांगतो. मी तेव्हा अलाबास्टा नावाच्या प्रकरणात होतो; माझ्या खांद्यावरून त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि प्रेमानं म्हणाला, “काका, अजून अलाबास्टाच? मस्त. एस आवडतोय ना? नका आवडून घेऊ.” मला काही अडचण नव्हती. फक्त पुढचे साडेतीनशे भाग तो एस नावाचा लुफीचा भाऊ पडद्यावर हसला की मला पोटात तुटायचं.

असं करत करत तुम्ही पोचाल. मध्ये ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ मालिकेनं स्वतःच सुट्टी घेतली, तेव्हा मी फार अंतर कापलं. कासव झोपल्यावर सशाला बरं वाटावं तसं वाटलं. आणि २०२५च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझा शेवटचा रकाना हिरवा झाला. ११५५. तूट शून्य. त्याच सुमाराला मी तोएईनं ऑक्टोबरमध्येच केलेली घोषणा पहिल्यांदा वाचली, कारण तोवर पुढचं काही कळू नये म्हणून वाचत नव्हतो: मालिका तीन महिने बंद, आणि २०२६मध्ये वर्षभरात जास्तीत जास्त २६ भाग. मी ज्या ताणण्यावर दीड वर्ष दीडपटीचा वरवंटा फिरवला, ते ताणणं त्यांनी आता सोडलंय. शिवाय विट नावाचा दुसरा स्टुडिओ पहिल्या प्रकरणापासून गोष्ट नव्यानं काढतोय. म्हणजे ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही ते आळशी लोक पुन्हा पुढे.

मी शीट मिटवली. आई सोफ्यावर बसली होती. तिची सात वाजताची मालिका संपली होती, कायमची, सुनेनं दार उघडलं आणि निरोपच घेतला.

“ती नामी पुढे कुठे गेली रे?” आई म्हणाली. “लाव की.”

चव्वेचाळीसपर्यंत तिचं झालंय. म्हणजे राहिले ११११. आकडा आहेराच्या पाकिटासारखा शकुनाचा आहे, आणि तिला दीडपट चालत नाही.