रात्री पडायचं असेल तर

रात्री डोकं फोडून घ्यायची हौस असेल तर आधी थोडी तयारी करा, भाऊ. आपल्या दारव्हा-दिग्रसच्या रस्त्यावर आडवा येताना रोही (नीलगाय) घड्याळ पाहत नाही; तुम्ही पाहत जा. दिवसा पडलात तर सीटीचे फोटो वाचणारे साहेब, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, जागेवर सापडतात. रात्री सीटीचं मशीन असतं, ते चालवणारा पोरगा असतो, आणि फोटो वाचून घ्यायला तारेवरून बाहेरगावी पाठवतात. कुठं, ते त्या पोरालाही विचारू नका. त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

माझ्या साळ्याला मागच्या पावसाळ्यात रोह्यानं उडवलं. मशीनमध्ये घालून काढायला पाच मिनिटं लागली. पण मेंदूचे दोनशेच्या वर फोटो, एकेक अर्ध्या एमबीचा. त्यात लाईन गेली, टॉवर बसला. "अपलोड होऊन रायलं, भाऊ." साळा बाकावर, उजव्या कानामागं रक्तानं थबथबलेला दुपट्टा दाबून. पहाटे तीनला रिपोर्ट आला: डाव्या बाजूला सूज. खाली 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली', म्हणजे पेशंट तपासून ताळा घ्या. ताळा घ्यायला हजर होतो मी, साळ्याची बायको आणि वॉचमन. तिघांनीही घेतला. कान उजवाच निघाला.

(पोट मात्र रात्री दुखवून घेऊच नका. गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्यामुळं सोनोग्राफीला नोंदणी असलेला डॉक्टर स्वतः हजर लागतो. ती तारेवरून होत नाही.)

कल्पना तशी अमेरिकेची. तिकडची रात्र सिडनीत, बंगळुरात दिवसाउजेडी वाचायची. पण तो रिपोर्ट तात्पुरता; पक्का रिपोर्ट सकाळी तिथलाच डॉक्टर द्यायचा, कारण देशाबाहेर बसून केलेल्या वाचनाचे पैसे त्यांचा मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा देत नाही. आपण कल्पना आणली, सकाळचा डॉक्टर आणायचा राहिला.

आता म्हणाल, मालकाला जाब विचारू. कोणत्या? अमेरिकेतलंच पाहा: असे रात्रीचे फोटो वाचणारी नाईटहॉक नावाची कंपनी २००१ मध्ये आयडाहोत निघाली. २०१० मध्ये ती व्हर्च्युअल रेडिओलॉजिकमध्ये गेली, ती २०१५ मध्ये मेडनॅक्सनं घेतली आणि २०२० मध्ये रेडिओलॉजी पार्टनर्सला विकली. इतके फेरफार आमच्या काकाच्या धुऱ्याच्या भांडणातल्या वावराचे झाले नाहीत, आणि वावराचे निदान तलाठ्याकडं सापडतात. तिकडं बऱ्याच राज्यांत कंपनीनं डॉक्टरकी करू नये असा नियम आहे, म्हणून बिचाऱ्यांना डॉक्टरच्या नावाची पाटी पुढं ठेवून मागून 'व्यवस्थापन' करावं लागतं. आपल्याकडं पाटीचाही खर्च वाचतो.

तरी तक्रार करायचीच असेल तर रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात नंबर असतो. मी लावला. मराठीसाठी दोन दाबायला सांगतात. दोन दाबलं की हिंदी सुरू होतं.