नावात 'बाळू' आहे म्हणून पुस्तक मुलांचं?

आज एका ग्रंथप्रदर्शनात एक आजोबा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' परत करायला आले होते. सहावीतल्या नातवासाठी नेलं होतं. बालसाहित्याच्या टेबलावर, रंगीत चित्रांच्या गोष्टींना खेटून ठेवलेलं. 'बाळू' दिसला, 'डायरी' दिसली, उचललं. मधल्या 'अवस्थांतर'कडे कोण बघतंय! काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, विकलेलं पुस्तक परत घेत नाही आम्ही. आणि नावात बाळू आहे म्हणजे मुलांचंच असणार की." मागे रांगेतल्या एका गृहस्थांनी लगेच निकाल देऊन टाकला, "या हल्लीच्या लेखकांना सरळ नावच ठेवता येत नाही."

डोकं फिरलं ते या निकालानं. किरण गुरव यांचा हा कथासंग्रह, २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला. तो मुलांच्या टेबलावर कोणी लावला? लेखकानं? ज्यानं लावला त्यानं मलपृष्ठ उलटून पाहिलं असतं तर आजोबांचे पैसे वाचले असते. पण खापर फुटलं नावावर.

आणि 'हल्लीचे लेखक' म्हणजे काय हो? १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. नुसतं नाव ऐकलं तर नदीकाठच्या तीर्थयात्रेचं पुस्तक वाटेल. यमुना ही त्यातली बाई आहे आणि पुस्तक आहे विधवांच्या हालांबद्दल. मात्र त्या काळची शहाणी रीत बघा, नावाला शेपूट जोडलेलं होतं : 'अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. पहिल्या अर्ध्यानं कुतूहल वाढवायचं, दुसऱ्या अर्ध्यानं वाचकाला योग्य दारात आणून सोडायचं. पुढे हरिभाऊ आपट्यांनी तर 'पण'नं सुरू होणारं नाव ठेवलं, 'पण लक्षात कोण घेतो'. तिथे शेपटाची गरज पडली नाही, कारण कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं येत होती. नाव कोणाच्या तोंडचं आहे हे वाचणाऱ्याला पुस्तक हातात पडण्याआधीच कळलेलं होतं.

मुद्दा एवढाच की नाव कधी एकटं वाचलं जात नाही. वाचक चार-पाच शब्दांवरून पुस्तकाचा प्रकार ठरवतो, सूर ठरवतो आणि ते आपल्यासाठी आहे की नाही हेही ठरवून मोकळा होतो. हे सगळं पान न उलटता. मग मुखपृष्ठ, त्यावरचं अक्षर, शेजारची पुस्तकं, या गोष्टी त्या अंदाजाला एकतर दुजोरा देतात नाहीतर अडवतात. आजोबांचा अंदाज कोणीच अडवला नाही. उलट टेबलानं दुजोरा दिला.

'सुदाम्याचे पोहे' घ्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे विनोदी लेख, १९१० चं पुस्तक. नावावरून दाखल करून घेतलं तर ग्रंथालयात, जिथे ड्युई पद्धतीनं प्रत्येक विषयाला एक क्रमांक असतो, ते जाईल ६४१.५ ला, पाककृतींत. 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट' ही अवधूत डोंगरे यांची कादंबरी, तिला साहित्य अकादमीचा २०१४ चा युवा पुरस्कार आहे. नुसतं नाव बघणारा तिला १५८ मध्ये, 'आत्मविश्वास वाढवा' छापाच्या पुस्तकांत कोंबेल. दोन्हींची खरी जागा ८९१.४६ च्या घरात, मराठी साहित्यात. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक ज्याला हवं त्याला सापडत नाही आणि ज्याला सापडतं तो वैतागतो. मग तोच वैताग एका ताऱ्याच्या अभिप्रायात उतरतो, 'नावावरून काहीतरी वेगळं वाटलं होतं'.

आता एक कबूल करायलाच हवं. काही नावं निव्वळ गळ असतात. चक्रम नाव, आत तीच ती शिळी प्रेमकथा. अशांवर चिडणाऱ्या वाचकाचं काही चुकत नाही. बास, एवढंच.

पण चांगलं विचित्र नाव फसवत नाही, ते सावध करतं. किरण नगरकरांचं 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४). पाढा मुखपृष्ठावरच चुकलाय. आत गोष्ट सरळ रेषेत जाणार नाही, तुकड्यातुकड्यांनी येणार, हिशेब लागणार नाही, हे याहून प्रामाणिकपणे कसं सांगायचं? 'झेंडूची फुले' (१९२५) हातात घेणाऱ्याला नाजूक भावकविता मिळणार नाहीत हे फुलाच्या निवडीतच आहे. अत्र्यांनी आत विडंबनंच दिली.

आणि 'बटाट्याची चाळ'. १९५८. हे नाव ऐकून माणूस पुस्तक उघडायच्या आधीच हसतो. पु.लं.नी पानामागून पान ते हसू फेडलंय, आणि शेवटी 'एक चिंतन' येतं तेव्हा घशात काहीतरी अडकतं. हे जमतं कारण नावानं दिलेलं वचन आधी पुरं केलेलं असतं, मोडायचं ते शेवटी. पहिल्याच पानावर मोडलं असतं तर वाचकानं पुस्तक मिटलं असतं. हे नाव बदलून 'एका चाळीच्या आठवणी' करा, तो शेवट निम्मासुद्धा लागणार नाही.

आजोबांचा राग मात्र खोटा नव्हता. सहावीतल्या पोराला वाचायला लावायचं म्हणून माणूस भर उन्हात बसनं येतो, पेन्शनीतले पैसे मोजतो. त्यांना कोणी म्हणायला हवं होतं, "काका, हे तुम्ही ठेवा, तुमच्यासाठी आहे. नातवाला 'एक होता कार्व्हर' द्या." तेही नाव गोष्टीसारखंच सुरू होतं, 'एक होता राजा' म्हणतात ना तसं. फरक इतकाच की वीणा गवाणकरांचं ते चरित्र पोरानंही वाचावं आणि आजोबांनीही.

प्रकाशकांना तर मोकळं सोडूच नये. नाव विचित्र असेल तर ते कोऱ्या कागदावर लिहून हस्तलिखित न वाचलेल्या सात-आठ जणांपुढे ठेवायचं. 'आवडलं का' विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. विचारायचं, हे कशाबद्दल असेल आणि तुम्ही कोणाला भेट द्याल? मग तेच नाव मुखपृष्ठासकट दुसऱ्या सात-आठ जणांना दाखवायचं. नुसत्या नावावरून चुकलेला अंदाज चित्र बघून सुधारला तर ठीक. आणखी पक्का झाला तर चित्र बदला, नाव नको. गमतीशीर नावावर व्यंगचित्र आणि गोलमटोल अक्षर चढवलं की पुस्तक विनोदी ठरलंच, मग आत कोणी मेलं तरी वाचक हसायची वाट बघत बसतो. त्याच नावाला शांत मुखपृष्ठ दिलं तर तो थबकतो, मलपृष्ठ वाचतो. आणि मलपृष्ठावर पहिल्या ओळीत हे काय आहे ते सांगा ना! तिथे मान्यवरांची स्तुती असते. कथा आहेत की कादंबरी, हे शोधायला भिंग लागतं.

पुस्तकाच्या कण्याचं दुखणं वेगळंच. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर १२८ पानांचं पुस्तक म्हणजे कणा जेमतेम सहा-सात मिलिमीटर. बांधणीत थोडं सरकणार म्हणून दोन्हीकडे एकेक मिलिमीटर सोडलं की हातात उरतात चार-पाच. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दोन ओळी बसवायला गेलं की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. म्हणून एकच ओळ, आणि नाव लांबलचक असेल तर पहिली कात्री कशावर? 'कथासंग्रह' या शब्दावर. फळीवर उभ्या पुस्तकाचा कणाच तेवढा दिसतो, आणि नेमकी तिथेच ओळख गायब.

मोबाइलवर त्याहून वाईट. जयंत पवारांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हे नाव शेवटच्या शब्दावर उभं आहे. आधीचे तीन शब्द वाचताना आपण मनात 'फिनिक्स'च पुरा करतो आणि निघतो मोर. विक्रीच्या पानावर जागा कमी पडली की शेपूट कापून तीन टिंबं येतात. म्हणजे नेमका मोरच कापला! पुस्तक चढवणाऱ्यानं ते एकदा स्वतःच्या फोनवर बघावं, इतकंच मागणं आहे.

आणि ज्यांना सरळ नावंच हवीत त्या रांगेतल्या गृहस्थांनी मर्ढेकर वाचावेत. १९४७ चा संग्रह, नाव 'काही कविता'. याहून साधं नाव कुठून आणणार? त्याच कवितांवर अश्लीलतेचा खटला चालला.