‘बाजारातला हापूस घेऊच नका’ म्हणे!

एप्रिल लागला की हा मेसेज फिरायला लागतो: ‘बाजारातला हापूस म्हणजे कर्नाटकचा माल, तोही कार्बाइडवर पिकवलेला. थेट बागायतदाराकडून घ्या. अस्सल, झाडावर पिकलेला आणि स्वस्त!’

कर्नाटकचा आंबा देवगड-रत्नागिरीच्या नावाने खपवतात, हे खरंच आहे. पण कोकणातल्या पेट्याही वाशीच्या बाजारात जातातच की. आणि सोसायटीच्या गेटवर टेम्पो लावणारा प्रत्येक जण बागायतदार नसतो. ‘थेट बागेतून’ असा फलक लावून मार्केटमधूनच माल उचलणारेही असतात. 2018 पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या 5 जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन (त्या भागातल्याच मालाला ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क) आहे. त्या मानांकनाखाली मालाची नोंदणी आहे का, हे फळवाल्याला विचाराल तसं टेम्पोवाल्यालाही विचारा.

कार्बाइड या रसायनाने फळं पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायूने, 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) मर्यादेत, आंबा पिकवायला परवानगी आहे. बंदी असूनही चोरून कार्बाइड वापरणारे आहेत, पण ते फक्त बाजारातच बसतात हे कुणी ठरवलं?

मेसेजमधली खरी गंमत ‘झाडावर पिकलेला’ या शब्दांत आहे. हापूस कोणी झाडावर पिकू देत नाही. तयार झालेलं पण अजून हिरवं, कडक फळ देठासकट उतरवतात आणि पेंढ्याच्या अढीत, म्हणजे पेंढ्यात थर लावून, पिकायला घालतात. झाडावरच पिकू दिलं तर साका होण्याची भीती वाढते: बाहेरून केशरी, देखणा, सुवासिक आणि कापला की बाठ्याजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. वरून काही म्हणता काही कळत नाही. असा आंबा बाजारच्या पेटीत निघतो तसा घरपोच आलेल्या पेटीतही निघतो. त्यामुळे ‘झाडपिका हापूस’ अशी जाहिरात करणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही. त्याला आंब्यातलं कळत नाही, नाहीतर तो तुम्हाला बनवतोय.

स्वस्ताचं म्हणाल तर अडत, म्हणजे बाजारातल्या दलालाचं कमिशन, वाचते, पण खोका, वाहतूक आणि वाटेत दबलेली फळं यांचा खर्च कुणीतरी भरतोच.

ओळखीचा बागायतदार असेल तर जरूर त्याच्याकडूनच मागवा, पैसे सरळ त्याच्या हातात पडतात. नसेल तर साका निघालेलं फळ दुसऱ्या दिवशी कुरकुर न करता बदलून देणारा कोपऱ्यावरचा फळवाला मला अनोळखी मोबाइल नंबरपेक्षा बरा वाटतो. आणि आमरसच करायचा असेल, तर कर्नाटकचा आंबा कर्नाटकचा म्हणून, त्याच्या भावाने घ्यायला काय हरकत आहे?