सूचना पेटीची किल्ली कुणाकडे आहे?

कारखान्याच्या गेटजवळ ती लाल पेटी. किल्ली एचआरच्या ड्रॉवरमध्ये. तीन महिन्यांनी उघडली की आत गुटख्याची रिकामी पुडी आणि कॅन्टीनच्या पोह्यांबद्दल एक तक्रार. मग साहेब हळहळणार, ‘आपल्या लोकांना काही सुचतच नाही.’

अहो, सुचतं! पण ‘महिन्याला माणशी दोन कायझेन’ (कायझेन म्हणजे जपानीत सुधारणा) असं टार्गेट लावलं की ‘पंखा पुसला’ हेही कायझेन होतं, फोटोसकट. टोयोटानं १९५१ साली सूचना योजना सुरू केली. आपण तिथून शब्द तेवढा उचलला.

सूचना आली की आठवड्याच्या आत हो की नाही ते कारणासकट सुचवणाऱ्याच्या तोंडावर सांगा. हो असेल तर आधी एकाच मशीनवर, एकाच शिफ्टला ट्रायल. सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला (मशीनवरच्या एका नगाला) लागणारा वेळ, आधी आणि नंतर, निदान वीस-तीस जॉबवर मोजलेला. एवढंच तर आहे!

खरी माती पुढे खातात. कुणी फिक्स्चरला (जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याला) नट-बोल्टऐवजी टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडा दाबला की आवळणारी पकड, लावून जॉबमागे ४० सेकंद वाचवले, की सोमवारपासून त्याचंच टार्गेट वाढलेलं. बक्षीस काय, तर स्टीलचा डबा. पुढची युक्ती तो खिशातच ठेवणार ना!