माइनक्राफ्टचा आयडी नंबर 'कायमचा' नसतो, आणि कृपा करून वर्ल्ड डिलीट करू नका

परवा रात्री भाच्याचा फोन, आवाज रडवेला. नववीत आहे, मित्रांसाठी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमचा छोटा सर्व्हर चालवतो, त्याचं प्लगिन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) स्वतः लिहितो. "मामा, वर्ल्ड डिलीट करू का? ग्रुपवर तसंच सांगितलंय." दोन वर्षं खपून बांधलेलं वर्ल्ड, म्हणजे गेममधलं अख्खं जग आहे ते!

ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे ठोकळ्याचा, नंबर कायमचा ठरलेला असतो, नावं बदलतात पण नंबर बदलत नाही, म्हणून कोडमधे नंबरच टाका, कुठल्याही व्हर्जनला चालतो, आणि चुकीचा ब्लॉक दिसला तर वर्ल्ड करप्ट झालंय, उडवा आणि नवीन बनवा.

आधी वर्ल्ड उडवायचं बघू, कारण सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला. भाच्याचं प्लगिन खेळणाऱ्यांना पॅकेट, म्हणजे सर्व्हरचा निरोप, पाठवत होतं की या जागी 2 नंबरचा ब्लॉक दाखव. जुन्या लिस्टमधे 2 म्हणजे गवताचा ब्लॉक. गेमच्या 1.13 व्हर्जनपासून पॅकेटच्या यादीत 2 म्हणजे ग्रॅनाइट. त्यामुळे अख्खं मैदान गुलाबी दगडाचं दिसायला लागलं आणि पोरगं घाबरलं. पण असं पॅकेट फक्त समोरच्याच्या स्क्रीनवर चित्र बदलतं, सर्व्हरवरच्या फाइलला हातही लागत नाही. त्याला म्हटलं गेममधून बाहेर पड आणि परत आत ये. गवत होतं तिथेच होतं. वर्ल्ड ठणठणीत, चूक कोडमधल्या एका आकड्याची, आणि सल्ला काय तर दोन वर्षांचं काम पुसून टाका.

शिवाय 1.13 पासून वर्ल्डच्या फाइलमधे ब्लॉक नावाने साठवतात. जुनं वर्ल्ड उघडलं की गेम त्यातला डेटाव्हर्जन, म्हणजे वर्ल्ड कुठल्या व्हर्जनचं ते सांगणारा आकडा, बघून (1.12.2 चा 1343, 1.13 चा 1519) स्वतःच रूपांतर करतो. आधी कॉपी काढून ठेवा आणि नव्या व्हर्जनमधे उघडलेलं वर्ल्ड परत जुन्यात उघडू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

आता "नंबर कायमचा". जुलै 2018 मधे 1.13 आलं तेव्हा जुने नंबर काढूनच टाकले, 35:14 ची लाल लोकर रेड_वूल झाली. आत नंबर अजून आहेत, पण नवे ब्लॉक मधेच घुसतात आणि पुढचे सगळे सरकतात. खात्री करायला माझ्याकडे यायची गरज नाही, 1.13 पासून सर्व्हरचा जार (सर्व्हर प्रोग्रॅमची फाइल) स्वतःच यादी काढून देतो: डेटा जनरेटर रिपोर्ट्सचा पर्याय देऊन चालवा, ब्लॉक्स.जेसन उघडा, दोन व्हर्जनच्या फाइली शेजारी ठेवा.

एक मान्य करतो, 1.8 च्या आधी वस्तू देणाऱ्या गिव्ह कमांडला नंबर चालायचे, मेसेजवाल्याने बहुतेक तेव्हाचंच पाठ केलंय. आणि नावं बदलतात हेही खरं. साइनचं 1.14 मधे ओक_साइन झालं. ग्रास तर सगळ्यात वाईट: 1.12 मधे ग्रास म्हणजे गवताचा अख्खा ब्लॉक, 1.13 मधे त्याचं ग्रास_ब्लॉक झालं आणि ग्रास हे नाव छोट्या गवताला गेलं, मग 1.20.3 मधे त्याचं शॉर्ट_ग्रास. पण नाव सापडलं नाही तर मॅचमटेरियल (नावावरून ब्लॉक शोधणारं फंक्शन) सरळ नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतं, तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. नंबर चुकला तर काहीच न बोलता भलताच ब्लॉक हातात येतो. म्हणून नावानेच शोधा, नल तपासा, आणि ग्राससारख्या नावांना सर्व्हरचं व्हर्जन बघून मगच हात घाला.

भाच्याने पॅकेटमधला नंबर काढला, सेंडब्लॉकचेंजला (खेळणाऱ्याला ब्लॉक दाखवणाऱ्या फंक्शनला) ग्रास_ब्लॉकचा ब्लॉकडेटा दिला, नंबर काय तो सर्व्हरच काढतो. काल 1.20.2 आणि 1.20.4 दोन्हींवर चालवून बघितलं त्याने, मैदान दोन्हीकडे हिरवं आलं, आणि तो स्क्रीनशॉट त्याच ग्रुपवर टाकलाय.