संग्रहालय सहकुटुंब कसे उरकावे

लहान मुलांना घेऊन संग्रहालयात जायचे ठरले की एक गोष्ट आधीच पक्की करावी : तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत, आणि ते दालनांच्या संख्येवरच वसूल होतात. दहा दालने पाहणारे कुटुंब हे एका दालनात रमलेल्या कुटुंबापेक्षा दहापट सुसंस्कृत असते. जाण्याची वेळ मुलाच्या दुपारच्या झोपेची निवडावी, म्हणजे ते फार प्रश्न विचारत नाही.

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयातील थकव्यावर एक लेख लिहिला. मांडलेल्या वस्तू नीट दिसाव्यात म्हणून वाकणाऱ्या आणि अवघडून बसणाऱ्या माणसाची छायाचित्रे त्यात देऊन त्यांनी थकव्याचे खापर मांडणीच्या पद्धतीवर फोडले. परंतु तो माणूस प्रौढ होता. तीन फूट उंचीच्या मुलाला पेटीतील मुकुटाऐवजी पेटीखालचा लाकडी चौथरा दिसत असला, तरी ते थकत नाही. ते केवळ नाटके करते. चौथऱ्याचीच पाहणी त्याला तासभर करू द्यावी आणि 'बघितलेस ना?' असे अधूनमधून विचारत राहावे.

प्रत्येक माहितीफलक मोठ्याने, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचून दाखवावा. ज्याच्या लेखी कालपरवाच्या मागे जग नव्हतेच, त्या मुलाला 'इसवी सनपूर्व दुसरे सहस्रक' हे शब्द कानावर पडताच इतिहासाची गोडी लागते. या वाचनात खरा अडथळा येतो तो मुलाच्या नजरेचा. आपण फलकाच्या तिसऱ्या परिच्छेदात असताना ते काचेला नाक लावून उकिडवे बसलेले असते, श्वासाने काचेवर वाफ धरलेली असते, त्या वाफेत बोटाने एक गोल काढून झालेला असतो आणि त्या गोलातून ते पेटीच्या कोपऱ्यात उताण्या पडलेल्या माशीकडे पाहत असते. शेजारची घागर काही हजार वर्षांपूर्वीची आहे. मग ही माशीही तेव्हाचीच का, असे ते विचारते. हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांना शोभण्यासारखा असल्याने तो ताबडतोब मोडून काढावा. माशीचा उल्लेख फलकावर नाही, तेव्हा ती बघण्यासारखी नाही.

'हात लावू नकोस' हे वाक्य दर मिनिटाला उच्चारावे, मात्र त्याचे कारण सांगण्याच्या फंदात पडू नये. बोटांवरच्या घामातील क्षारांनी धातू गंजतो, किंवा प्रकाशाने कागदाचे व कापडाचे रंग विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच मंद प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे, असे चुकून सांगून बसलात तर मूल पुढच्या प्रत्येक दालनात वर मान करून दिवे बघू लागेल. त्यापेक्षा रखवालदार पकडून नेईल ही धमकी सुटसुटीत.

धाक घालायला उदाहरण हवेच असेल, तर २०२४ साली इस्राएलमधील हैफा येथील हेख्त संग्रहालयात चार वर्षांच्या मुलाच्या हातून सुमारे ३५०० वर्षांपूर्वीचा रांजण फुटला, ते सांगावे. आत काय आहे हे त्याला पाहायचे होते. त्या संग्रहालयाने त्या कुटुंबाला पुन्हा बोलावून घेतले आणि रांजण जोडून परत मांडला, हा भाग मात्र गाळावा. असल्या समंजसपणाने मुले शेफारतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात २००६ साली चीनच्या छिंग राजवटीतील तीन फुलदाण्यांचा चक्काचूर झाला, पण तो बुटाच्या सुटलेल्या नाडीत अडखळलेल्या प्रौढाने केला असल्यामुळे बालशिक्षणाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

प्रसिद्ध कलाकृतीपुढे वेळ दवडू नये. लूव्हरमधील मोनालिसा अवघी ७७ गुणिले ५३ सेंटिमीटरची. गर्दीत मुलाला ती दिसणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. त्याला खांद्यावर घ्यावे, चित्राकडे पाठ करून बसवावे, हसायला लावावे आणि फोटो काढावा. फोटोत दोन्ही चेहरे ओळखू येण्याइतके स्पष्ट आले की काम झाले.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ पासून खास मुलांसाठीचे संग्रहालय आहे, आणि वस्तू हाताळू देणारी अशी संग्रहालये पुढे जगभर निघाली. तिथे मुले दिवसभर आनंदात असतात, यावरूनच ती काही शिकत नसावीत हे उघड होते.

बाहेर पडताच पायऱ्यांवर तोंडी परीक्षा घ्यावी : कोणते शतक, कोणता राजा, कोणता धातू. उत्तरे आली नाहीत तर सगळ्यांसमोर हळहळावे. इतके करूनही मूल 'परत कधी यायचे?' असे विचारू लागले, तर आपल्याकडून कुठेतरी ढिलाई झाली असे समजावे आणि पुढच्या खेपेसाठी मार्गदर्शकासोबतची दोन तासांची फेरी आधीच नोंदवून ठेवावी.