हिरवी वायर कापू नका

मृग जवळ आला की आमच्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज परत फिरायला लागतो. गेल्या आठवड्यात तो मला परभणीच्या मेव्हण्याकडून आला आणि दुसऱ्या दिवशी गावच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही दिसला. म्हणणं असं, की बाहेरचा एलईडी दिवा आता कुणीही दहा मिनिटांत बसवू शकतो, वायरमनला पैसे घालू नका. खाली सूचना आहेत. हिरवी वायर एलईडीला लागत नाही, कापून टाका. बाकीच्या दोन, रंगाला रंग बघून जोडा. शेतात न्यूट्रल नसेल तर अर्थिंगवर चालवा. जोडाला टेप मारून वर प्लास्टिकची पिशवी बांधा. फिटिंगवर आयपी ६५ लिहिलेलं असेल तर पावसाची चिंता नाही. आणि एमसीबी असेल तर शॉक लागतच नाही.

मी वीस वर्षं वायरिंगची कामं करतोय. या सूचनांनी कुणाचा तरी जीव जाईल याची मला धास्ती वाटते, म्हणून एकेक घेतो. त्याआधी नावं लक्षात घ्या: फेज म्हणजे करंट आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे तो परत नेणारी, अर्थिंग म्हणजे जमिनीशी जोडलेली (हिरवी वायर तीच) आणि एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच.

दिवा बसवणं सोपं झालंय, एवढं मात्र खरं आहे. पूर्वी शिडीवर उभं राहून एका हाताने फिटिंग धरायचं आणि दुसऱ्या हाताने वायर सोलायची. आता फिटिंगला हातभर केबल लावूनच येते, पट्टी आधी भिंतीला मारून दिवा नंतर अडकवता येतो, खटका उचलून वायर पकडणारे कनेक्टर मिळतात. नियमांचीही आडकाठी नाही. असलेल्या जागी दिवा, पंखा, स्विच बदलायला परवानाधारक कंत्राटदार लागत नाही, ही सूट १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही होती. अट एकच, मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे ओसरीवरचा जुना दिवा काढून नवा लावणं वेगळं आणि गोठ्यापर्यंत नवी लाइन ओढणं वेगळं. मेसेजमध्ये हा फरकच केलेला नाही.

“हिरवी वायर कापून टाका.” सगळ्यात घातक सूचना ही. दिवा हिरव्या वायरशिवाय पेटतो, म्हणून लोकांना ती फालतू वाटते. पण ती पेटण्यासाठी नसतेच. आत पाणी शिरून किंवा वायर सोलवटून करंट धातूच्या बॉडीत उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाट मिळावी म्हणून ती असते. ज्या फिटिंगवर चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली असते, त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं आणि हिरवी वायर येतच नाही. आली असेल, तर ती जोडायलाच दिलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी आषाढात जिंतूरकडच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मला बोलावलं होतं. गाय दोन दिवसांपासून दावणीला यायला तयार नव्हती आणि कपडे वाळत घालताना मावशींना हाताला झिणझिण्या येत होत्या. पत्र्याच्या शेडवर ॲल्युमिनियमचा फ्लडलाइट मारलेला, हिरवी वायर बुडातून छाटलेली. टेस्टर पत्र्याला टेकवला तर लख्ख पेटला. कपड्यांची तार त्याच शेडच्या अँगलला बांधलेली होती. दिव्याचं बटण बंद होतं, तरीही. कारण बटण न्यूट्रलमध्ये घेतलं होतं, फेज थेट दिव्यापर्यंत उभा. गाईला कळलं ते आपल्या आधी. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे ओल्या जमिनीतला करंट त्याला लवकर झोंबतो. बटण बंद करूनही रात्री एलईडी मंद तेवत राहत असेल, तर आधी बटण फेजमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये, ते तपासून घ्या.

“रंगाला रंग जोडा.” नव्या फिटिंगच्या केबलमध्ये बहुतेक वेळा तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग असते. आपल्या घरातल्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. आणि विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत लाल, पिवळी, निळी हे तीन फेज. तिथे कुणी निळीला निळी जोडली आणि तपकिरी लाल फेजवर घेतली, तर २३० व्होल्टच्या दिव्यावर ४०० च्या वर व्होल्ट बसतात. दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, जागेवर फुटतो. फुटला तर नशीब म्हणायचं, निदान चूक कळली.

“न्यूट्रल नसेल तर अर्थिंगवर चालवा.” हे गावोगाव चालतं, मला माहीत आहे. डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब, पेटीत न्यूट्रल आलेली नाही, मग एक वायर फेजला आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. पावसाळ्यात दिवा छान पेटतो. पण आपली काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते, सळईभोवतीची माती सुटते, ओल खाली जाते. मातीशी संबंध तुटला की दिवा विझतो आणि फेज दिव्यातून पुढे सळईपर्यंत येऊन थांबतो. शेतकरी काय करतो? दिवा का गेला म्हणून सळईच हलवून बघतो, नाहीतर तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओततो. सळईवर भरवसा ठेवून दिवा चालवू नका. न्यूट्रल आणायचा खर्च झेपत नसेल तर सौर दिवा लावा. त्यात २३० व्होल्टचा संबंधच येत नाही.

“टेप मारा, पिशवी बांधा. आयपी ६५ असेल तर पावसाची चिंता नाही.” हे दोन्ही एकत्रच घेतो, कारण पाणी एकाच वाटेने येतं. आयपी ६५ मधला ६ धुळीचा: धूळ अजिबात आत जात नाही. ५ पाण्याचा: कोणत्याही बाजूने धार मारली तरी फिटिंग टिकतं. हे फिटिंगच्या बॉडीपुरतं. केबलचं मोकळं टोक आणि तुम्ही मारलेला जोड त्यात येत नाही. दिवा तापतो तेव्हा आतली हवा फुगून बाहेर जाते; वरून पावसाची सर आली की तो गार पडतो आणि हवा परत आत ओढतो. जोड ओला असेल तर केबलच्या आतून पाणीही ओढलं जातं. काच बाहेरून कोरडी आणि आतून घामेजलेली दिसते ती यामुळे.

आखाड्यावरच्या त्या दिव्याची पिशवी मी सोडली, तर आत चमचाभर पाणी साचलेलं, टेप उन्हाने पाघळून चिकट झालेला, तांब्याच्या तारांवर हिरवी बुरशी चढावी तसा थर आणि त्यातच मुंग्यांची पांढरी अंडी. पिशवी पाऊस अडवते, पण आतली वाफही अडवते. शिवाय तिथे ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याला पिळून जोडलेली होती. ओलीत हा जोड हमखास कुजतो.

“एमसीबी असेल तर शॉक लागत नाही.” एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. ६ अँपिअरचा एमसीबी पडायला ६ अँपिअरहून जास्त करंट लागतो आणि माणूस त्याच्या कितीतरी कमी करंटने दगावतो. फक्त अर्थिंग असूनही भागत नाही. उन्हाळ्यात कोरड्या अर्थिंगचा रोध ५० ओहमवर गेला तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. एमसीबी जागचा हलत नाही आणि पत्रा जिवंत राहतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो. हिरवी वायर जोडलेली असेल तर गळती वाढताच तो पडतो. जोडलेली नसेल तर कुणाच्या तरी अंगातून करंट गेल्यावरच.

सोपं करायचं असेल तर जोडकाम शिडीवरून खाली आणा. ओट्यावर बसून फिटिंगची केबल ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसून पाणी अडवणारं बूच) वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्समध्ये घ्या, कनेक्टरमध्ये तिन्ही वायरी पकडा, एकेक ओढून बघा. केबल बॉक्सच्या बुडातून आत जाऊ द्या आणि त्याआधी तिला खाली झोळ ठेवा, म्हणजे थेंब झोळावरून गळून पडतो. वर चढून मग दोनच स्क्रू उरतात. नवी लाइन मात्र परवानावाल्याकडूनच ओढून घ्या.

ज्यांनी मेसेज वाचून दिवा आधीच बसवलाय, त्यांनी दिव्याखालच्या पत्र्याला, खांबाला किंवा कपड्यांच्या तारेला ओल्या हाताने शिवू नका. मेन स्विच बंद करा, बंद झालाय हे टेस्टरने बघा आणि तो जोड उघडून घ्या. आत हिरवी वायर छाटलेली सापडली, तर जोडून अर्थिंग होईपर्यंत मेन चालू करू नका. घरात आरसीसीबी असेल तर महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. दाबताक्षणी पडला नाही तर तो बदलायचा.